कुत्र्यांना अहो म्हणणारे डॉक्टर

डॉक्टरांच्या दवाखान्यात तपासणीचं टेबल होतं, पण त्यावर एकही कुत्रा चढलेला मी पाहिला नाही. टेबलावर त्यांचा जेवणाचा डबा असे, वर्तमानपत्रांचा ढीग असे आणि कव्हर निघून गेलेलं एक जाड इंग्रजी पुस्तक असे. कुत्रे खाली चटईवर. डॉक्टरही चटईवर. त्यामुळे मालकालाही खाली बसावं लागे. कतारगामचे एक हिऱ्यांचे व्यापारी पांढरीशुभ्र पँट घालून आले होते. ते उभ्याउभ्याच बोलायला लागले, तेव्हा डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "तू खडा रहेगा तो इनको लगेगा कुछ होने वाला है. बैठ नीचे." 'इनको' म्हणजे शेठच्या डॅशहाउंडला. शेठ रुमाल अंथरून बसले.

हे त्यांचं नेहमीचं होतं. कुत्र्यांना अहो आणि माणसांना अरे. दारातून एखादी खरजेनं भरलेली गल्लीतली कुत्री आली तरी "या बाई, बसा, लांबून आल्या का?" आणि तिला घेऊन आलेल्या माणसाला "दरवाजा लाव रे." एकदा एका फौजदारालाही त्यांनी तसंच दार लावायला सांगितलं होतं. त्यानं लावलं.

दवाखाना सुरतेत पांडेसऱ्याच्या नाक्यावर होता, दोन खोल्यांचा. भिंतीपलीकडे लूम्सचं खातं, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना, दिवसभर खटखट चालू. स्टेथोस्कोप कानाला लावला तरी कुत्र्याच्या छातीऐवजी लूमच ऐकू यायचे. म्हणून डॉक्टरांनी तो खिळ्याला टांगून ठेवला होता आणि सगळं बोटांवर सोपवलं होतं. मागच्या मांडीच्या आत दोन बोटं ठेवून ते डोळे मिटत आणि नाडी मोजत. मोजताना ओठ हलत. समोरचा माणूस बोलायला लागला तर ते फक्त दुसरा हात वर करत.

ते मूळचे अकोल्याकडचे. नोकरीची सगळी वर्षं सरकारी दवाखान्यांत गाई-म्हशी तपासण्यात गेली. निवृत्त झाल्यावर मुलाच्या मागोमाग सुरतेला आले आणि कुत्र्यांचा दवाखाना उघडला. गुजराती त्यांना तीन शब्दांपलीकडे आली नाही. 'केम', 'शुं' आणि 'बस.' बाकी सगळं वऱ्हाडी हिंदीत.

मला त्यांच्याकडे काम मिळालं त्याचं कारण हेच. माझे बाबा पांडेसऱ्यात एका प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, कलर मास्टर. तिथल्या राखणीच्या कुत्र्याला डॉक्टर बघायला यायचे. गुजराती समजणारं आणि स्वच्छ लिहिणारं माणूस हवंय असं ते बोलले आणि बाबांनी मला पुढे केलं. मी तेव्हा बीएस्सी होऊन घरी बसले होते. इंग्रजी शाळेत शिकलेली. घरी मराठी, गल्लीत गुजराती आणि कुठल्याच भाषेत फारसं न बोलणारी. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "कमी बोलतेस का?" मी मान हलवली. "बरं हाय. आपले पेशंटही कमीच बोलतात."

माझं काम म्हणजे एक मोठं रजिस्टर. मालक जे सांगेल ते त्यात लिहायचं. मी शाळेतल्या सवयीनं इंग्रजीत, नीट शब्द वापरून लिहायला लागले. तिसऱ्या की चौथ्या दिवशी डिंडोलीहून एक बाई आल्या. नवरा लूमवर, धुळ्याकडच्या. त्यांचा तांबडा कुत्रा चटईवर येऊन जो बसला तो पोत्यासारखा. पाठीवरचे केस दोन्ही बाजूंनी सारखे गेलेले, शेपटी उंदराच्या शेपटीसारखी आणि चेहरा असा की घरात कोणी गेलंय. बाई बराच वेळ बोलल्या. मी लिहिलं, 'लेथार्जिक.'

त्या बाहेर जाऊन बसल्यावर डॉक्टरांनी रजिस्टर ओढून घेतलं.

"हे कोण म्हणालं?"

"कोणी नाही सर. म्हणजे, अर्थ तोच होतो."

"अर्थ मी लावतो. बाई काय म्हणाली?"

मी आठवून सांगितलं. "'दिनभर ऊनमा पडेल ऱ्हास' म्हणाल्या. 'खास कमी, तरी फुगी ग्या.' खातो कमी, तरी फुगला."

"ऊनमा," डॉक्टर म्हणाले. "मे महिना हाय. सुरतेत मे महिन्यात सावली सोडून उन्हात कोण जाऊन पडते वं?"

मी रजिस्टरमधल्या माझ्या शब्दाकडे बघितलं.

"ज्याच्या आतली शेगडी विझली तो. गळ्यातली गाठ काम करत नाही त्यांची. तुझ्या त्या एका इंग्रजी शब्दात कुत्रा झोपला, पण ऊन गेलं."

त्या दिवसापासून नियम ठरला. मालकाचे शब्द मालकाच्याच भाषेत, देवनागरीत, जसेच्या तसे. संध्याकाळी मी ते वाचून दाखवायचे आणि न समजलेल्या शब्दाचा अर्थ सांगायचा. माझं मराठी लिहिणं त्या रजिस्टरमुळे सुधारलं. ऱ्हस्व-दीर्घ डॉक्टर लाल पेनानं सुधारत, पण माणसाची बोली कधी सुधारत नसत.

तांबड्याला थायरॉइडची गोळी सुरू झाली, माणसांचीच. केमिस्टनं चिठ्ठी परत पाठवली. एवढा डोस लिहिलाय, पेशंट हत्ती आहे का, अशी विचारणा झाली. डॉक्टरांनी उलट निरोप दिला, "पेशंट कुत्रा हाय, त्यांना आपल्यापेक्षा जास्त लागते, दे गुमान." दोन-अडीच महिन्यांनी त्या बाई तक्रार घेऊन आल्या की कुत्रा आता भुंकायचा थांबत नाही. "डाक्टर, आते दिनभर भुकस. दूधवाला गल्लीमा येत नही." डॉक्टरांनी मला ते दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा फक्त ऐकायला बरं वाटतं म्हणून.

हार्मोन म्हणजे काय हे त्यांनी मला माझ्या बाबांच्या कामावरून समजावलं. रंगाच्या टाकीत चिमूटभर रंग कमी पडला की अख्खं कापड फिकं, चिमूटभर जास्त झाला की अख्खं कापड वाया. कापडाकडे बघून टाकी ओळखायची. "तुझ्या बापाला विचार, तो कापडावर ओरडते का?" मी घरी विचारलं. बाबा म्हणाले, "नाही, टाकी बघतो." दुसऱ्या दिवशी मी तसं सांगितल्यावर डॉक्टर फार खूश झाले.

हिरेवाल्या शेठच्या डॅशहाउंडचं पोट जमिनीला टेकत होतं आणि घरात सगळ्यांना त्याचा अभिमान होता. खातापिता आहे, शेठाणी म्हणाल्या. डॉक्टरांनी त्यांना एक खुणा केलेला प्लास्टिकचा मग दिला. सकाळपासून सकाळपर्यंत याच मगानं पाणी पाजायचं आणि मोजायचं, बाकीची सगळी भांडी उपडी घालायची, मोरीचं दार बंद. शेठाणींनी सांगितलं, "बहु तरस लागे छे एने," आणि मी तसंच लिहिलं. संध्याकाळी डॉक्टर ते ऐकून थबकले. "तरस? कुत्र्यामागे तरस लागला?" मी सांगितलं की गुजरातीत तरस म्हणजे तहान. ते इतके हसले की पलीकडच्या लूमवाल्यानं भिंतीवर थाप मारली.

मगानं मोजलेल्या पाण्याचा आकडा आला, तो नको तितका मोठा होता, तेव्हा मात्र हसले नाहीत. आणखी खोदून विचारल्यावर कळलं, खाजेसाठी कुठून तरी महिनोन्महिने स्टेरॉइडची इंजेक्शनं चालू होती. बाहेरून एवढं मिळतंय म्हटल्यावर शरीरातली तेच बनवणारी गाठ झोपून गेली होती. डॉक्टरांनी औषध बंद केलं नाही. तीन महिने थोडं थोडं कमी करत नेलं. "एकदम काढलं तर गाठ जागी व्हायच्या आत कुत्रा जाईल. झोपलेल्याला हळूच उठवावं लागते." हे वाक्य मी मालकाचं नसूनही रजिस्टरमध्ये लिहून ठेवलं.

प्रत्येक पेशंट गेल्यावर ते मला एकच प्रश्न विचारत. "काय दिसलं?" मी बोलत नसले तरी बघते, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं. मी एखादीच गोष्ट सांगे. मालकीणबाई पदरानं कुत्र्याची लाळ पुसत होत्या. कुत्रा उंबऱ्याशी अडखळला. ते मान हलवत. कधी ती गोष्ट उपयोगी पडे, बहुतेकदा पडत नसे. पण विचारायचं त्यांनी कधी सोडलं नाही.

एक शब्द मात्र त्या दवाखान्यात चालत नसे. म्हातारा. मालक म्हणायचा, आता वय झालं हो याचं, आणि डॉक्टर ताडकन म्हणायचे, "वय मी विचारलं का? काय करते ते सांग." एवढं चिडण्याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, डबा खाता खाता. अकोल्याला त्यांची स्वतःची एक कुत्री होती. दोन दिवस बरी, चार दिवस मलूल, उलट्या, मग पुन्हा बरी. पाहुणे आले, घरात गडबड झाली की हमखास आजारी. बायको म्हणायची, ही अंगणातली खारी माती चाटते. डॉक्टरांनी कुत्रीच्या कागदावर स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, 'वयोमानानुसार अशक्तपणा.' ती गेली. पाच-सहा वर्षांनी त्या जाड पुस्तकातलं एक पान वाचताना त्यांना ती कुत्री तिथे जशीच्या तशी भेटली. मूत्रपिंडांच्या वर शेंगदाण्याएवढ्या दोन गाठी असतात, त्या सुकल्या की अंगातलं मीठ टिकत नाही. कुत्रा मीठ शोधत फिरतो.

"बायको सांगत होती," ते म्हणाले. "मी लिहिलं नाही." आणि डब्याचं झाकण लावलं.

दोन वर्षांपूर्वी ते अकोल्याला परत गेले. दवाखान्याच्या जागी आता साड्यांना फॉल-बिडिंग करून देणारं दुकान आहे. मी तिथून जाते तेव्हा मला बाकीचं सगळं आठवतंच, पण सगळ्यात आधी पिंकी आठवते.

पिंकी ही पाच वर्षांची पांढरी पॉमेरेनियन. उधन्याच्या एका गुजराती घरातली. वडिलांचं साड्यांचं दुकान, आई घरी आणि नऊ वर्षांची एकुलती एक मुलगी. पिंकी पहिल्यांदा आली ती कपड्यात गुंडाळून, मान टाकलेली. आई म्हणाली की बरी होते, पुन्हा पडते, गेल्या महिन्यात घरात लग्न होतं तेव्हापासून जास्तच. मी लिहीत होते. डॉक्टरांनी मांडीत बोटं घातली, डोळे मिटले, आणि मला त्यांचे ओठ फार सावकाश हलताना दिसले. एवढ्या खंगलेल्या जिवाची नाडी धावायला हवी. पिंकीची रेंगाळत होती. डॉक्टरांनी डोळे उघडले तेव्हा त्यांचा चेहरा वेगळाच होता.

रक्त माणसांच्या लॅबमध्ये पाठवलं. नळीवर मी नाव लिहिलं, 'पिंकी, स्त्री, वय पाच.' दुपारी लॅबमधून घाबऱ्या घाबऱ्या फोन आला. "बच्ची कहाँ है? सोडियम गिर गया है, पोटॅशियम बहुत ऊपर है, तुरंत भरती करो." डॉक्टर शांतपणे म्हणाले, "भरती है. मेरी गोद में बैठी है."

आजार अकोल्याच्या कुत्रीचाच होता; पिंकी वाचली. पण तिला जन्मभर औषध आणि मीठ लागणार होतं. एक गोळी सुरतेत मिळायची, दुसरी मुंबईहून यायची आणि कधी कधी महिनाभर यायचीच नाही. मग सगळा भार मिठावर. डॉक्टरांनी पिंकीच्या आईला एक इवलासा चमचा दिला आणि युक्ती शिकवली. खिचडीत मोजून मीठ घालायचं, त्यातच गोळी कुस्करायची आणि सगळ्याचा एक लाडू वळायचा. रोज सकाळी एक लाडू. भरवायचं काम मुलीकडे आलं, कारण पिंकी तिच्याच हातून खायची. दर सोमवारी ती वडिलांबरोबर पिंकीला घेऊन नाडी मोजायला यायची.

आषाढातला तो सोमवार होता. मुलीच्या हातावर ताजी मेंदी, अंगात नवा फ्रॉक. डॉक्टरांच्या बरणीत खारी असायची, येईल त्या कुत्र्याला एक तुकडा. पिंकीला ते मुद्दाम दोन द्यायचे. त्या दिवशी त्यांनी एक तुकडा मुलीलाही दिला. तिनं मान हलवून नको म्हटलं. पिंकीचे तुकडे मात्र तिनं स्वतःच्या हातात घेतले, मूठ मिटली आणि पिंकीच्या कानाशी वाकून म्हणाली, "आपणाथी न खवाय." आपल्याला खायचं नाही.

तिचे वडील डॉक्टरांशी मुंबईच्या गोळीबद्दल बोलत होते. ऐकलं ते फक्त मी.

मला त्या मेंदीचा अर्थ माहीत होता. शाळेत दर वर्षी या दिवसांत माझ्या वर्गातल्या अर्ध्या मुलींच्या डब्यांत तूप-रोटली आणि सुकामेवा असायचा. पाच दिवस मीठ नाही. टोपलीत गव्हाचे जवारे उगवायचे, पूजा करायची, चांगला नवरा मिळावा म्हणून. सुरतेत त्याला अलूणां म्हणतात. आपलं अळणी, तोच शब्द. माझ्या बाकावरच्या मुलीही एकमेकींना असंच बजावायच्या, आपणाथी न खवाय. ते व्रत एकटीनं कोणी करत नाही, जोडीला कोणी तरी लागतं. या मुलीला बहीण नव्हती.

ते सगळं माझ्या डोक्यात येऊन गेलं. आणि ते गेल्यावर डॉक्टरांनी नेहमीसारखं विचारलं, "काय दिसलं?"

मी म्हणाले, "काही विशेष नाही, सर."

लहान मुलीचा खेळ, त्यात काय सांगायचं, असं वाटलं. मालक तिचे वडील, त्यांचं बोलणं मी लिहिलंच होतं. शिवाय त्या दिवशी बोलायला तोंड उघडावं असं वाटत नव्हतं. असे दिवस माझे पुष्कळ असायचे.

गुरुवारी सकाळी वडील धावत आले. पिंकी त्यांच्या हातात ओल्या टॉवेलसारखी लोंबत होती. मागे आई, तिच्या मागे मुलगी.

"साहेब, पिंकी ऊठती नथी."

डॉक्टरांनी तिला चटईवर घेतलं. "काय झालं बाई तुम्हाला, सोमवारी तर चांगल्या होत्या." बोटं मांडीत. ओठ पुन्हा तसेच सावकाश. त्यांनी विचारलं, "लड्डू दिया रोज?"

आई म्हणाली, "रोज, साहेब. मैं खुद बनाती हूँ, ये खिलाती है. एक दिन नहीं छूटा."

मुलगी दाराच्या चौकटीला चिकटून उभी होती.

डॉक्टरांनी सलाईनची सुई लावली, पण नळीचं चाक अगदी थोडं उघडलं. थेंब. थांबून आणखी एक थेंब. माझ्याकडे बघून ते मराठीत, मालकांना कळू नये म्हणून हळू म्हणाले, "मीठ आणि औषध पोटात जाऊनही ह्या पडल्या, म्हणजे मूत्रपिंडं गेली. जोरात सोडलं तर पाणी छातीत भरेल. रक्त पाठव. रिपोर्ट येईपर्यंत थेंबथेंब."

"आणि मूत्रपिंडं ठीक असतील तर?" मी विचारलं.

"तर धो धो सोडायचं असते. थेंबथेंब म्हणजे मग उशीर."

रिपोर्ट दुपारच्या आत येणार नव्हता. पिंकीच्या हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या होत्या.

मी मुलीकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. तिला माहीत होतं की मी ऐकलंय. सोमवारी आमची नजरानजर झाली होती आणि मी हसले होते. मी कोणाला सांगणार नाही, असं त्या हसण्यातून तिला कळलं असणार.

"सर," मी म्हणाले. "लाडू पोटात गेलेला नाही. चार दिवस. मीठ नाही आणि गोळीही नाही."

डॉक्टरांचा हात चाकावरच होता. "कशावरून?"

"हिचं अळणी व्रत आहे. सोमवारी ती पिंकीला म्हणाली, आपल्याला खायचं नाही. आपल्याला, म्हणजे दोघींना. मी ऐकलं होतं."

मग मी गुजरातीत मुलीला विचारलं. ती चौकटीला आणखी चिकटली. आईनं दंडाला धरलं तेव्हा म्हणाली, "पिंकीए पण व्रत राख्युं छे." पिंकीनंही व्रत धरलंय. लाडू कुठे आहेत? कंपासपेटीत. अन्न आहे, औषध आहे, टाकायचं कसं, म्हणून चारही लाडू तिनं कंपासपेटीत जपून ठेवले होते. व्रत सुटलं की पिंकीला एकदम देणार होती.

आईचा हात उगारलेला मी पाहिला. डॉक्टरांनी त्यांचा मोकळा हात वर केला, नाडी मोजताना करत तसा, आणि आईचा हात खाली आला. दुसऱ्या हातानं त्यांनी नळीचं चाक पूर्ण उघडलं.

बाटली संपली, दुसरी लावली. एक इंजेक्शन दिलं. आम्ही सगळे चटईवर बसून होतो, पलीकडे लूम चालू होते. डॉक्टर मधून मधून मांडीत बोटं घालून ओठ हलवत. बऱ्याच वेळानं मला त्यांचे ओठ जरा भरभर हलताना दिसले. त्यानंतर पिंकीनं मान उचलली आणि सुई लावलेला स्वतःचाच पाय हुंगला.

मुलगी रडत नव्हती. तिनं मला विचारलं, आणि मी डॉक्टरांना सांगितलं, "ती विचारतेय, बाटलीत मीठ आहे का?"

"हाय."

"मग पिंकीचं व्रत मोडलं का?"

डॉक्टरांनी हे हसण्यावारी नेलं नाही. थोडा विचार केला. "तिले विचार, कशासाठी केलं होतं पिंकीबाईंनी?"

"सारो वर मळे एटले," मुलगी म्हणाली. चांगला नवरा मिळावा म्हणून.

"बरं. मग तिले सांग, व्रत जिभेचं असते. हे शिरेतून गेलं. जिभेला पत्ताच नाही."

मुलीनं पिंकीचं तोंड उघडून जीभ नीट बघितली, वासही घेतला. तिचं समाधान झालं. "आणि उद्याचा दिवसही बाटलीच," डॉक्टर म्हणाले. "लाडू परवापासून. गोळी उद्या पेढ्यात घालू, पेढा चालतो ना?" पेढा चालत होता.

पिंकीला दवाखान्यात ठेवून घरची माणसं गेली. मला वाटलं होतं आता मला बोलणी बसणार. डॉक्टरांनी रजिस्टर घेतलं आणि स्वतः लिहिलं. 'मीठ आणि औषध एका लाडवात बांधले. एक थांबले की दोन्ही थांबतात. चूक माझी.' खाली एक ओळ मोकळी सोडली आणि पेन माझ्यासमोर ठेवून हात धुवायला गेले. मी लिहिलं, 'सोमवारी मुलगी पिंकीला म्हणाली, आपणाथी न खवाय. मी ऐकलं, सांगितलं नाही.' हात पुसत येऊन त्यांनी वाचलं. लाल पेन उचललं नाही. "काहून नाही सांगितलं?" एवढंच विचारलं.

"खेळ वाटला, सर."

"मलेही वाटला असता," ते म्हणाले. "कदाचित." आणि पिंकीची चादर नीट करायला लागले.

दुसऱ्या दिवशी व्रताचा शेवटचा दिवस होता. मुलगी स्वतःचं जेवण डब्यात घालून दवाखान्यात आली, पिंकीच्या सोबतीला. पिंकीनं पेढा खाल्ला. मुलगी तिच्याशेजारी बसून तूप लावलेली रोटली खायला लागली. माझ्याशी बोलली नाही. मी टेबलाजवळून उठून चटईवर तिच्या समोर बसले. मी तुझी गोष्ट सगळ्यांना सांगून टाकली, मी म्हणाले, तुला राग आलाय ना?

तिनं घास गिळला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तमे मोडुं कह्युं."

डॉक्टरांच्या कानावर त्यातलं 'मोडुं' तेवढं पडलं. ते बाटली बदलत होते. तिथूनच घाईघाईनं म्हणाले, "नाही माय, काही नाही मोडलं तुझं. सांग वं तिले, काही मोडलं नाही."

तसं सांगून टाकणं सोपं होतं. मुलीनं मान हलवली असती, डॉक्टरांना बरं वाटलं असतं.

"ती मोडलं म्हणाली नाही, सर," मी म्हणाले. "गुजरातीत मोडुं म्हणजे उशिरा. मी उशिरा सांगितलं, असं म्हणाली ती."

डॉक्टर बाटली हातात घेऊन थांबले. मुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मग?" ते म्हणाले. "खरं हाय का तिचं?"

"हो."

"तर मले काय सांगतेस. तिले सांग."

मी मुलीकडे वळले. "हा," मी म्हणाले, "में मोडुं कह्युं."

तिनं एकदा माझ्याकडे नीट बघून घेतलं. मग डब्यातली उरलेली रोटली मधोमध तोडली आणि अर्धी माझ्यासमोर धरली. मी ती तिथंच पिंकीशेजारी बसून खाल्ली.